नायक तोच, खलनायक नवा

जानेवारी 1933 मध्ये क्लीव्हलंडच्या दोन शाळकरी मुलांनी स्वतःच सायक्लोस्टाइल करून काढलेल्या छोट्या नियतकालिकात एक गोष्ट छापली. लिहिणारा जेरी सीगल, चित्रं जो शुस्टरची. महामंदीचे दिवस होते. फुकट पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या एका बेकार माणसाला एक शास्त्रज्ञ पोटभर जेवण आणि नवे कपडे देण्याच्या बोलीवर घरी नेतो आणि त्याच्यावर एका औषधाचा प्रयोग करतो. त्या माणसाला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येऊ लागतं, दुसऱ्यांची मनं वळवता येऊ लागतात. तो शास्त्रज्ञाचा जीव घेतो आणि साऱ्या जगावर राज्य करायला निघतो. शेवटी औषध उतरतं आणि गडी पुन्हा पावाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. गोष्टीच्या नावात ‘सुपरमॅन’ हा शब्द होता. म्हणजे सीगल-शुस्टर जोडीने हे नाव पहिल्यांदा दिलं ते एका टकल्या खलनायकाला.

पाच वर्षांनी याच दोघांचा निळ्या-लाल कपड्यांतला सुपरमॅन आला आणि जगभर पोचला. तो आज जवळपास तसाच आहे. छातीवर तेच अक्षर, पाठीवर तोच झगा, तीच चष्म्यामागची नोकरी. नायक ही प्रकाशकाची मिळकत असते. तो टॉवेलांवर, डब्यांवर, दप्तरांवर छापला जातो, त्यामुळे त्याला फार हलवता येत नाही. खलनायकाला मात्र हे बंधन नाही. दशक बदललं, लोकांच्या मनातली भीती बदलली, छपाईचे नियम बदलले, की ते सगळं खलनायकावर येऊन पडतं. अमेरिकी कॉमिक्सचा इतिहास खरा कुठे वाचायला मिळत असेल तर तो खलनायकांच्या बाजूला, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठी सुपरमॅनचा वैरी लेक्स लुथर याच्याइतका चांगला वाटाड्या दुसरा नाही.

पण लुथरच्याही आधीची पिढी आहे. शेरलॉक होम्सच्या कथांतला प्रोफेसर मोरिआर्टी 1893 चा. गुन्हा करणारा माणूस बुद्धीने नायकाच्या तोडीस तोड असू शकतो, हे त्याने दाखवून दिलं. त्यानंतर 1913 मध्ये सॅक्स रोमरचा डॉ. फू मांचू आला: लांब नखं, मिचमिचे डोळे, गोऱ्यांचं जग बुडवायला टपलेला चिनी. 1934 मध्ये ‘फ्लॅश गॉर्डन’ चित्रपट्टीतला मिंग आला. तो परग्रहावरचा सम्राट, पण चेहरा मात्र फू मांचूचाच. मार्च 1937 मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला, तेव्हा मुखपृष्ठावर वटारून पाहणारा चेहराही अशाच एका चिनी खलनायकाचा होता. हा वारसा वंशद्वेषाचा आहे आणि तो सौम्य शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. पुढच्या पन्नास वर्षांत तो पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. 1964 मध्ये ‘आयर्न मॅन’च्या कथांत आलेला मँडरिन हाही त्याच घराण्यातला.

आपल्याकडे या वारशाचा एक धागा पोचलेला आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने 1964 पासून ली फॉकचा वेताळ घरोघरी नेला, मराठीतही नेला. वेताळाच्या मूळ कथेत त्याच्या वाडवडिलांना मारणारे समुद्री चाचे ‘सिंग’ नावाचे आहेत. अमेरिकेत 1936 मध्ये कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. भारतात छापताना मात्र ते ‘सिंगा’ झाले आणि वेताळाचा देश ‘डेंकाली’ झाला. ज्या लोकांना खलनायक म्हणून रंगवलं तेच लोक वाचक झाले, की खलनायकाचं नाव बदलावं लागतं.

सुपरमॅनकडे परत येऊ. 1938 च्या पहिल्या काही अंकांत त्याचे शत्रू कोण आहेत ते पाहिलं की आश्चर्य वाटतं. बायकोला मारणारा नवरा. पैसे चारून सिनेटरला खिशात घालणारा दलाल. युद्ध भडकवून दारूगोळा विकणारा कारखानदार. तिसऱ्या अंकात एक खाणमालक आहे. त्याने सुरक्षेवर खर्च न केल्यामुळे खाणीत अपघात होतो. सुपरमॅन खाणकामगाराच्या वेषात त्याच्या मेजवानीत शिरतो, झुळझुळीत कपड्यांतल्या श्रीमंत पाहुण्यांसकट सगळी मेजवानी खाणीत उतरवायला लावतो आणि वरून वाट बंद करतो. हवा संपत आल्यावर मालकाला कामगारांचं जिणं कळतं. मंदीने पोळलेल्या मुलांनी लिहिलेल्या या गोष्टी आहेत. त्यांतला खलनायक कोपऱ्यावरच्या बंगल्यात राहणारा आहे.

हा खलनायक टिकला नाही, याचं कारण कथेच्या यंत्रातच होतं. जो माणूस मोटार डोक्यावर उचलतो, त्याच्यापुढे खाणमालक किती पानं तग धरणार? महिन्या-महिन्याला नवा अंक काढायचा, तर सुपरमॅनला दमवणारा कुणीतरी हवा. ताकदीत बरोबरी अशक्य, म्हणून मेंदूकडे वळावं लागलं. जून 1939 मध्ये अल्ट्रा-ह्यूमनाइट आला: चाकांच्या खुर्चीतला, टकल्या, जगावर राज्य करू पाहणारा शास्त्रज्ञ. म्हणजे 1933 चाच माणूस पुन्हा. पुढच्याच वर्षी लेखकांनी त्याचा मेंदू एका नटीच्या शरीरात बसवला. एप्रिल 1940 मध्ये त्याची जागा घ्यायला लुथर आला, युरोपातल्या दोन काल्पनिक देशांत युद्ध पेटवून देणारा. त्याला नुसतं आडनाव होतं, ‘लेक्स’ नव्हतं, आणि डोक्यावर दाट लाल केस होते.

1941 मध्ये ते केस गेले. कथेत काही घडलं नव्हतं. सुपरमॅनची मागणी एवढी वाढली होती की शुस्टरच्या हाताखाली सहायक चित्रकार काम करत होते, आणि त्यांतल्या एकाने लुथरला चुकून टकल्या काढलं, असं मानलं जातं. अल्ट्रा-ह्यूमनाइटशी गल्लत झाली असेल, नाही तर कथेतल्या दुसऱ्या एखाद्या टकल्याशी. कुणी दुरुस्त केलं नाही. जगातलं सर्वांत प्रसिद्ध टक्कल कामाच्या घाईतून आलं, आणि त्याला कारण देण्यासाठी पुढे एकोणीस वर्षं जावी लागली.

तोवर युरोपात युद्ध सुरू झालं होतं. न्यूयॉर्कचे जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघेही ज्यू घरांतले. सायमनने पुढे सांगितलं आहे की आधी खलनायक सापडला, मग त्याच्यासाठी नायक बनवला. खलनायक होता हिटलर. मार्च 1941 ची तारीख असलेला ‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला अंक डिसेंबर 1940 मध्येच विक्रीला आला. मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो आहे. पर्ल हार्बर अजून वर्षभर दूर होतं आणि अमेरिकेत नाझींचे उघड समर्थक होते. सायमन-कर्बींना धमक्या आल्या, कार्यालयावर पोलीस नेमावे लागले, महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून धीर दिला. याच अंकात रेड स्कल हा नाझी खलनायक आला. इथे कॉमिक्सच्या खलनायकाने राज्यकर्त्यांच्याही आधी शत्रूचं नाव घेतलं. या एका गोष्टीसाठी मला हा सगळा प्रकार आदरणीय वाटतो.

याच काळात, 1940 च्या वसंतात, जोकर आला. ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात. बॉब केन, बिल फिंगर आणि जेरी रॉबिन्सन या तिघांनीही त्याच्या जन्माचं श्रेय सांगितलं आहे. पत्त्यांतला जोकर आणि 1928 च्या ‘द मॅन हू लाफ्स’ या मूकपटातला कॉनराड फाइटचा फाकलेला चेहरा ही त्याची दोन मुळं. तो रेडिओवरून जाहीर करतो की रात्री बाराच्या ठोक्याला हेन्री क्लॅरिज मरेल. पोलीस क्लॅरिजला गराडा घालून बसतात. बारा वाजतात आणि क्लॅरिज मरतो, चेहऱ्यावर भेसूर हसू घेऊन. जोकरने आदल्या रात्रीच विष टोचून ठेवलेलं असतं. काही खुलासा नाही, बालपण नाही, दुःख नाही. हवा असतो फक्त हिरा.

त्याच अंकातल्या दुसऱ्या गोष्टीत जोकर मरतो. झटापटीत त्याचाच सुरा त्याच्या छातीत घुसतो आणि तो हसत हसत कोसळतो. फिंगरचं म्हणणं असं की खलनायक वारंवार परत आला तर बॅटमॅन नालायक ठरेल. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना मात्र या पात्रात पुढचे कितीतरी अंक दिसले. त्यांनी शेवटी एक चौकट घालायला लावली. तीत रुग्णवाहिकेतला डॉक्टर चकित होऊन सांगतो की हा माणूस अजून जिवंत आहे.

ही एक चौकट माझ्या लेखी सगळ्या खलनायकांच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची आहे. फू मांचू पळून जायचा, पण त्याच्या कादंबऱ्यांमध्ये वर्षं जायची. इथे दर महिन्याला दहा सेंटचा अंक विकायचा होता. खलनायक मारणं परवडेनासं झालं. 1942 मध्ये तर जोकरला विजेच्या खुर्चीवर बसवून मृत्युदंड दिला जातो आणि साथीदार त्याला रसायनाने पुन्हा जिवंत करतात. शिक्षा भोगून झाल्यामुळे कायद्याने तो मोकळा. जो मरू शकत नाही त्याला बदलत राहणं भाग असतं, नाही तर वाचक कंटाळतात. पुढच्या सगळ्या रूपांतरांचं बीज एल्सवर्थच्या त्या निर्णयात आहे.

युद्धाने लुथरलाही मोठं केलं. त्याच्या प्रयोगशाळेत आता नुसती किरणांची बंदूक नव्हती. 1944 मध्ये लिहिलेल्या एका गोष्टीत त्याच्या हाती अणुबाँब दिला गेला, आणि अमेरिकेच्या युद्ध खात्याने ती गोष्ट रोखून धरली. ती छापली गेली जानेवारी 1946 मध्ये, हिरोशिमानंतर. कथाकारांना मॅनहॅटन प्रकल्पाची काहीच खबर नव्हती. शास्त्रज्ञ काहीतरी भयंकर घडवतो आहे, ही भीती हवेतच होती.

त्यानंतर कॉमिक्सवर निर्बंधांचा काळ आला. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ 1954 मध्ये निघालं. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, असा त्यांचा दावा. सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या, आणि सरकारी कायदा टाळण्यासाठी प्रकाशकांनी ऑक्टोबर 1954 मध्ये स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ लागू केला. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं काही दाखवायचं नाही. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही नको. प्रत्येक वेळी सुष्टांचाच विजय. अंकावर कोडचा शिक्का नसेल तर वितरक अंक उचलत नसत.

परिणाम तात्काळ दिसला. अर्धा चेहरा जळालेला टू-फेस 1954 मध्ये गेला तो 1971 पर्यंत बॅटमॅनच्या नेहमीच्या कथांत परतला नाही. बॅटमॅनला भुरळ घालणारी कॅटवुमन बारा वर्षं गायब झाली. जोकर राहिला, पण खून करणं बंद झालं. तो विचित्र बँकचोऱ्या करणारा, कोडी घालणारा विदूषक झाला. 1966 च्या दूरचित्रवाणी मालिकेत सेझर रोमेरोने तो केला. त्याने मिशी काढायला नकार दिला, तेव्हा तिच्यावरूनच पांढरा रंग फासला. जवळून घेतलेल्या दृश्यांत रंगाखालची मिशी स्पष्ट दिसते. ज्या पात्राने 1940 मध्ये झोपेतल्या माणसाला विष टोचलं होतं, त्याचं हे रूप पाहून काही लोक हळहळतात. माझा तसा आग्रह नाही. कोडमुळे पुष्कळ नुकसान झालं, पण खलनायकाला खून करता येत नसल्यामुळे लेखकांना त्याच्या मनात डोकावावं लागलं, हेही खरं.

त्याचे दोन दाखले लुथरचेच आहेत. एप्रिल 1960 ची गोष्ट जेरी सीगलने लिहिली. 1938 मध्ये त्याने आणि शुस्टरने सुपरमॅनचे हक्क प्रकाशक कंपनीला 130 डॉलरला विकले होते, नंतर खटला भरला होता, आणि आता तो त्याच कंपनीत परत येऊन निनावी मजकूर लिहीत होता. त्याने सांगितलं की लुथर आणि सुपरबॉय, म्हणजे किशोरवयातला सुपरमॅन, एकाच गावातले, मित्र होते. लुथरच्या प्रयोगशाळेला आग लागली, सुपरबॉयने फुंकर मारून विझवली, त्यात रसायनं उडाली, लुथरचे केस गेले आणि त्याने आयुष्याची मेहनत घालून बनवलेला शोधही गेला. मित्राने मत्सरापोटी माझं काम नष्ट केलं, असं लुथरच्या मनाने घेतलं ते कायमचं. केसांसाठी कुणी जगाचा शत्रू होतो का, असं म्हणून या गोष्टीची खूप टिंगल होते. पण निर्मिती हातातून गेलेल्या माणसाच्या मनात काय खदखदतं, हे सीगलला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसरा दाखला 1963 चा, एडमंड हॅमिल्टनचा. लुथर सुपरमॅनला आव्हान देतो: लाल सूर्याच्या ग्रहावर ये, तिथे तुझी शक्ती चालणार नाही, माणसासारखा लढ. दोघं उतरतात तो ग्रह वाळवंटी आहे. तिथले लोक जुन्या संस्कृतीचे अवशेष सांभाळत पाण्यासाठी तडफडत आहेत. लुथर पडकी यंत्रं दुरुस्त करून त्यांना पाणी मिळवून देऊ पाहतो. लोक त्याला डोक्यावर घेतात. आयुष्यात प्रथमच त्याला कुणी भलं म्हणतं. शेवटच्या लढतीत तो मुद्दाम हरतो, कारण सुपरमॅन तिथून सुटला तरच दुसरीकडून पाणी आणता येईल. सुपरमॅनला ते कळतं, पण तो काही बोलत नाही. पुढे त्या ग्रहाला लेक्सॉर असं नाव पडतं. कर्ट स्वॉनने लुथरचा चेहरा असा काढला आहे की पुढे कितीही दुष्कृत्यं वाचली तरी तो विसरता येत नाही. कोडने सहानुभूतीला बंदी घातली होती. ती कडक असतानाच ही गोष्ट छापून आली.

त्याच सुमारास मार्व्हल कंपनीत स्टॅन ली, जॅक कर्बी आणि स्टीव्ह डिटको नवे खलनायक भराभर काढत होते. डॉक्टर डूम 1962 चा, ग्रीन गॉब्लिन 1964 चा. त्यांच्याविषयी स्वतंत्र लेख होईल. इथे एवढंच की मार्व्हलने खलनायकाला नायकाच्या घरात आणून बसवलं. स्पायडरमॅनचा वैरी त्याच्या जिवलग मित्राचा बाप निघाला. 1971 मध्ये याच गॉब्लिनच्या गोष्टीत अमली पदार्थांचा विषय आला, तोही सरकारच्या आरोग्य खात्याच्या विनंतीवरून. कोडने शिक्का नाकारला, मार्व्हलने तीन अंक शिक्क्याशिवाय काढले, आणि त्याच वर्षी कोड सैल झाला. आता गुन्हेगाराबद्दल थोडी सहानुभूती चालणार होती, आणि सरकारी अधिकारी भ्रष्ट दाखवता येणार होता.

ती सवलत तीनच वर्षांत वसूल झाली. स्टीव्ह एंगलहार्टने लिहिलेल्या ‘कॅप्टन अमेरिका’च्या जुलै 1974 च्या अंकात नायक एका गुप्त संघटनेच्या म्होरक्याचा पाठलाग करत थेट व्हाइट हाउसमध्ये शिरतो. मुखवटा ओढतो. चेहरा वाचकाला दाखवलेला नाही. म्होरक्या तिथेच स्वतःवर गोळी झाडून घेतो. तो निक्सन आहे, हे एंगलहार्टने नंतर सांगितलं. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, खऱ्या निक्सनने राजीनामा दिला. ज्या नायकाचा पहिला ठोसा हिटलरला होता, त्याला तेहेतीस वर्षांनी खलनायक स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाच्या कचेरीत सापडला.

आता मॅग्नीटो. ‘एक्स-मेन’च्या पहिल्याच अंकात, सप्टेंबर 1963 मध्ये, ली-कर्बींनी त्याला आणला तेव्हा तो सरळसोट दुष्ट होता. जन्मजात शक्ती लाभलेले लोक सामान्यांपेक्षा श्रेष्ठ, म्हणून राज्य त्यांचंच, असं म्हणणारा. त्याची भाषा बरीचशी नाझींचीच होती. अठरा वर्षं तो तसाच राहिला. मग क्रिस क्लेअरमाँटने ऑक्टोबर 1981 च्या दीडशेव्या अंकात त्याचं आयुष्य उलगडलं. मॅग्नीटो सगळ्या देशांना बजावतो: अण्वस्त्रं नष्ट करा. ते ऐकत नाहीत म्हणून तो एक रशियन पाणबुडी माणसांसकट बुडवतो. एक्स-मेन त्याच्या बेटावर येतात. त्यांच्यातली सर्वांत लहान, तेरा वर्षांची किटी प्राइड, त्याचं यंत्र मोडते. तो रागाने तिच्यावर विजेचा लोळ फेकतो, ती कोसळते, आणि तेव्हा त्याला कळतं की आपण एका पोरीला मारलं. ती ज्यू आहे. तो गुडघ्यांवर बसून तिला हातांत घेतो आणि ऑश्विट्झबद्दल बोलतो. सगळं घरदार तिथे गेलं. ज्यांचा द्वेष करत मोठा झालो त्यांच्यासारखाच मी झालो, हे त्याला तिथे बसल्या बसल्या उमगतं. किटी वाचते. तो लढाई सोडून निघून जातो.

क्लेअरमाँट तरुणपणी इस्राएलमध्ये एका किबुत्झवर राहिला होता. सीगल, शुस्टर, केन, फिंगर, सायमन, कर्बी, ली: अमेरिकी सुपरहिरो ज्यांनी घडवले त्यांतले बहुतेक ज्यू स्थलांतरितांची मुलं होती. कर्बी तर युरोपात प्रत्यक्ष लढून आला होता. तरी ऑश्विट्झचं नाव एवढ्या ठळकपणे आणायला 1981 उजाडावं लागलं, आणि ते आलं एका खलनायकाच्या तोंडून. नायकाच्या तोंडी ते कदाचित उपदेश वाटलं असतं. क्लेअरमाँटने पुढे त्याच्यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला चालवला, त्याला शाळेचा मुख्याध्यापक केलं. पण 1991 मध्ये ‘एक्स-मेन’ची नवी मालिका सुरू झाली, तिच्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून जास्त प्रती दुकानांत गेल्या, आणि एवढ्या मोठ्या अंकाला ओळखीचा खलनायक हवा होता. मॅग्नीटो पुन्हा वैरी झाला. क्लेअरमाँटने तिसऱ्या अंकानंतर मालिका सोडली. विक्रीने खलनायकाला जिवंत ठेवलं होतं, आता तिनेच त्याला सुधारू दिलं नाही. छळछावणी मात्र त्याच्यापासून कुणी काढून घेऊ शकलं नाही. 2000 चा चित्रपट तिथूनच सुरू होतो.

लुथरचा मोठा बदल 1986 मध्ये झाला. सुपरमॅन नव्याने सुरू करायची जबाबदारी जॉन बर्नवर होती. लुथरला उद्योगपती करायची कल्पना मार्व्ह वुल्फमनची. रेगनचा काळ, शेअर बाजाराला उधाण, नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर धनवानांचे फोटो. अशा दिवसांत वेडा शास्त्रज्ञ कुणालाच घाबरवत नव्हता. नव्या लुथरच्या मालकीचं निम्म्याहून जास्त शहर आहे. सुपरमॅन कसा लढतो ते पाहायला तो स्वतःच्या बोटीवर दहशतवाद्यांना येऊ देतो. महापौर सुपरमॅनला सांगतात, याला अटक कर. लुथरला आयुष्यात प्रथमच कुणी हात लावलेला असतो. वैर तिथून सुरू होतं. केस गेल्याचं दुःख आता कुठेच नाही.

1987 मधल्या दोन गोष्टी मला या लुथरचं सार वाटतात. एकीत त्याचे कर्मचारी सगळी माहिती संगणकात भरतात आणि संगणक उत्तर देतो: क्लार्क केंट हाच सुपरमॅन. लुथर ते झिडकारतो. एवढी सत्ता हाती असलेला माणूस सामान्यांत सामान्य बनून राहील, हे त्याला पटूच शकत नाही. दुसरी गोष्ट काही पानांचीच, नवव्या अंकाच्या शेवटी जोडलेली. लुथरच्या मेट्रोपोलिस शहरापासून नऊशे मैलांवर रस्त्याकडेचं खानावळवजा हॉटेल. लुथर तिथे कॉफीसाठी थांबतो आणि वाढणाऱ्या बाईला सांगतो: महिनाभर माझ्याबरोबर चल, दहा लाख डॉलर देतो, विचार करायला दहा मिनिटं. बाहेर गाडीत थांबतो. ती विवाहित आहे, संसार ओढगस्तीचा. ती घालमेलीत पडते, हात फोनकडे जातो. तिचं ठरण्याआधीच गाडी निघून जाते. लुथरला ती नकोच होती. आपण काय उत्तर दिलं असतं, हा प्रश्न तिला जन्मभर पुरेल, एवढंच त्याला हवं होतं. सुपरमॅन या गोष्टीत कुठेही येत नाही. कुठला कायदाही मोडलेला नाही.

मी वाचलेल्या सगळ्या खलनायकी कृत्यांत हे मला सर्वांत काळं वाटतं. एक ठोसा नाही, यंत्र नाही, आणि बदला घ्यायलाही कुणी उरत नाही. शिवाय हा माणूस 1938 मधल्या खाणमालकाचाच वंशज आहे. मधली अठ्ठेचाळीस वर्षं शास्त्रज्ञाला भिऊन झाल्यावर कॉमिक्स पुन्हा कोपऱ्यावरच्या बंगल्याशी आली. फरक एवढाच की सीगलचा सुपरमॅन मालकाला खाणीत कोंडू शकत होता, बर्नचा सुपरमॅन त्याला अडकवून ठेवू शकत नाही. नोव्हेंबर 2000 मध्ये, खऱ्या निवडणुकीच्या दिवसांतच, कॉमिक्समधला लुथर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडून आला. लोकांनी मतं देऊन निवडून आणला. पुढची तीनेक वर्षं तो त्या खुर्चीवर होता.

जोकरची वाट वेगळी झाली. 1973 मध्ये डेनी ओनील आणि नील ॲडम्स यांनी त्याला पुन्हा खुनी केलं. 1988 मध्ये ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड यांच्या ‘द किलिंग जोक’ने त्याला भूतकाळ दिला, एका फसलेल्या विनोदी नटाचा, आणि त्याच वेळी जोकरकडूनच वदवलं की ही आठवण खरी असेलच असं नाही. त्याच वर्षी बॅटमॅनच्या प्रकाशकाने दुसऱ्या कथेसाठी वाचकांचा कौल मागितला: जोकरच्या तावडीत सापडलेला बॅटमॅनचा साथीदार रॉबिन जगावा की मरावा? फोन करा, कॉलला पन्नास सेंट. मरावा म्हणणारे 5,343, जगावा म्हणणारे 5,271. बहात्तर मतांनी रॉबिन मेला. 1940 मध्ये एका संपादकाने जोकरला जिवंत ठेवलं, 1988 मध्ये वाचकांनी पैसे मोजून त्याच्याकडून खून करवून घेतला. हे वाचताना मला जोकरपेक्षा त्या रांगेतल्या टेलिफोनांची भीती वाटते.

त्यानंतर नायक गडद होत गेले आणि खलनायकांना कारणं मिळत गेली. 1992 मध्ये दूरचित्रवाणीवर जोकरची साथीदार म्हणून आलेली हार्ली क्विन पुढे त्याला सोडून स्वतःच नायिका झाली. 1973 मधला थॅनोस मृत्यूच्या देवतेवर भाळला म्हणून संहार करायचा. 2018 च्या चित्रपटात तो साधनसंपत्ती अपुरी पडते म्हणून अर्धं विश्व पुसून टाकतो, कारण आजच्या प्रेक्षकाला ती भीती कळते. त्याच वर्षीच्या ‘ब्लॅक पँथर’मधल्या किलमाँगरचा प्रश्न इतका खरा आहे की शेवटी नायकाला आपलं धोरण बदलावं लागतं. हे उत्तम झालं. फू मांचूचाही हिशेब काही प्रमाणात चुकता झाला. 1973 मध्ये त्याचा मुलगा म्हणून आलेल्या शांग-चीला 2021 च्या चित्रपटात दुसरा बाप दिला गेला, आणि तो टोनी लिअंगने केलेला वेनवू शोकाकुल नवरा आहे, पिवळा राक्षस नाही.

पण कारणं देण्याचा हा प्रकार आता अति झाला आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं. प्रत्येकाला दुष्ट आईबाप, मेलेली बायको, अपमानित बालपण. 2019 च्या ‘जोकर’ चित्रपटाने शंभर कोटी डॉलरहून जास्त कमावले आणि वाकीन फीनिक्सने कमाल केली, तरी त्या पात्राची मूळ धास्ती त्यात गेली. क्लॅरिजला मारणाऱ्या जोकरबद्दल आपल्याला काहीच माहीत नव्हतं आणि तेच त्याचं बळ होतं. मॅग्नीटोचं दुःख इतिहासातून आलं होतं, लाखो माणसांचं होतं. त्याची नक्कल करून घाऊक दुःख वाटलं की ना दुःख उरत, ना दुष्टपणा. हॉटेलातल्या त्या बाईला सोडून जाणाऱ्या लुथरला कुठलं बालपण लागलं नव्हतं.

जुन्या कॉमिक्सचे संग्रह आता सहज मिळतात, इंग्रजीत पुस्तकरूपाने आणि फोनवरही. मुलांना द्या, स्वतःही वाचा. फक्त एक करा: अंक उघडला की आधी त्यावरचं साल पाहा, मग खलनायकाचा धंदा काय आहे ते पाहा, आणि नायकाकडे त्यानंतर वळा.